टेपकाकूंचं स्पॅनिश

आमच्या गल्लीत टेपकाकूंना टेपेशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. भाजीला गेल्या तरी टेप गळ्यात, बँकेत गेल्या तरी गळ्यात. एकदा दाढ काढायला गेल्या तेव्हा डॉक्टरने ती काढून ठेवायला सांगितली, तर काकूंनी ती मुठीत घट्ट धरली आणि दाढ काढून घेतली. हे त्या स्वतःच सांगतात, वर म्हणतात, "दुखलंच नाही." कपडे लहानमोठे करणं, चेन बदलणं, शाळेचे गणवेश शिवणं असलं त्यांचं दुकान माझ्या वर्गाच्या जिन्याखाली आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक उभा आरसा आणि कापडांनी वाकलेली एक फळी. गिऱ्हाईक आत आलं की काकूंना बाहेर यावं लागतं, एवढीच जागा.

जिन्याच्या वर मी असतो. "प्रवासापुरतं स्पॅनिश, नवशिक्यांसाठी" अशी पाटी लावली आहे. एका निर्यात कंपनीत जन्मभर पत्रव्यवहार केला, त्यात ही भाषा हाती लागली आणि निवृत्तीनंतर घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा वर्ग काढला. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना सहलीला जायचं असतं. त्यांना वाटतं, "बिल आणा" आणि "फोटो काढा" एवढं आलं की भाषा आली. मला अशा लोकांचा राग येतो आणि तो मला लपवता येत नाही, त्यामुळे माझा वर्ग कधी भरत नाही.

तर एका दुपारी काकू जिना चढून वर आल्या. मी त्यांच्याहून वयाने चांगला मोठा, पण सगळी गल्ली काकू म्हणते म्हणून मीही म्हणतो. मला वाटलं, माझ्या कोटाचं अस्तर झालं असेल.

"सर, तिकडची भाषा किती दिवसांत येते?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"कुणाला?"

"मला."

मी हसलो. लेक-जावई सहलीला नेत असतील असं मी म्हणालो. काकूंनी नाही म्हणून मान हलवली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं, एखाद्या गिऱ्हाइकाचा निरोप सांगावा तसं.

त्यांचे यजमान, ज्यांना गल्ली फिटरकाका म्हणते, मालवाहू जहाजावर इंजिनच्या खोलीत काम करायचे. वर्षातले सातआठ महिने समुद्रावर, उरलेले काकूंच्या दुकानासमोर स्टुलावर. यावेळी जहाज दूरच्या एका बंदराला लागलं असताना ते जहाजाच्या जिन्यावरच कोसळले. अर्धांगाचा झटका. जहाज पुढे निघून गेलं आणि फिटरकाका त्या गावच्या हॉस्पिटलात राहिले. उजवं अंग लुळं, आणि तोंडातून शब्द नाही. आता कंपनी एका माणसाला जायचं-यायचं तिकीट देत होती. लेकीचे दिवस भरत आलेले, तिला विमानात कोण बसवणार? जावयाने तिला सोडून जायचं तरी कसं? म्हणजे उरल्या काकू.

"जाऊन घेऊनच यायचंय ना?" मी विचारलं. "मग कंपनीचा माणूस असेल की तिथे."

"तो विमानतळावर भेटणार आणि बसच्या स्टँडवर सोडणार. बंदराचं गाव पुढे लांब आहे. आणि घेऊन यायचं म्हणजे…" काकूंनी टेपेचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "तिथले डॉक्टर म्हणतात, पेशंट कुणाला ओळखत नाही. नावाला ओ देत नाही. त्यांनी मला ओळखलं, माझ्याबरोबर यायची त्यांची तयारी दिसली, तरच विमानात बसवू. नाहीतर तिथल्याच सेवागृहात ठेवतील. माझं परतीचं तिकीट आठवड्याचं आहे. ओळखलं नाही तर मी एकटीच परत."

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यातलं गाढव कोण हे सांगायला नको, पण गाढवाने त्या दिवसापुरतं सहलीवाल्यांना लवकर घरी पाठवलं.

पहिल्याच धड्याला आमचं वाजलं. मी माझ्या पद्धतीप्रमाणे सर्वनामांपासून सुरुवात केली. यो म्हणजे मी. तू म्हणजे तू. हो, त्यांचं तू आणि आपलं तू एकच, उच्चारसुद्धा तोच. यावर प्रत्येक विद्यार्थी हसतो. काकू हसल्या नाहीत. "एक शब्द फुकटात आला," म्हणाल्या. परक्या किंवा मोठ्या माणसाला उस्तेद, म्हणजे तुम्ही. एल म्हणजे तो, एया म्हणजे ती, नोसोत्रोस म्हणजे आम्ही किंवा आपण.

"नवऱ्याला काय म्हणायचं? उस्तेद?"

"तिकडे नवऱ्याला तू म्हणतात."

"तिकडे म्हणोत. मी नाही म्हणायची," असं म्हणून त्यांनी हात झटकला. "सर, हे मी-तू राहू द्या. मला नुसतं तिकीट, बस, हॉस्पिटल एवढं शिकवा. नमनालाच घडाभर तेल घालवलंत तर पुढे काय उरेल?"

"आणि डॉक्टरने विचारलं, तुम्ही कोण, हा कोण, तर काय बोट दाखवणार?"

"दाखवीन की. बोटं काय इथे ठेवून जायचीत?"

मी चिडलो. भाषा शिकायची तर रीतीने शिका, नाहीतर खाली जाऊन चेन बदला, असं म्हणालो. एवढं बोलून झाल्यावर मला वाईट वाटलं, पण काकूंना माझ्या जिभेची सवय आहे. त्यांनी गळ्यातली टेप काढली, तिचं एक टोक आपल्या छातीला लावलं आणि "यो" म्हणाल्या. दुसरं टोक माझ्या शर्टाच्या खिशाला टेकवलं. "उस्तेद. बरोबर?" तेवढ्यात सहलीवालं एक नवं जोडपं पुढच्या तासासाठी आत आलं. काकूंनी दोघांना शेजारी उभं केलं आणि त्यांच्याभोवती टेप फिरवली. "नोसोत्रोस." टोकाला टोक लागेना. नवरा पोटाने बरा होता. "नोसोत्रोसला टेप पुरत नाही हो, सर," काकू म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

सर्वनामं अशी टेपेवर पाठ झाली. प्रवासाच्या शब्दांपाशी मात्र घोडं पेंड खायला लागलं. त्याला कारण काकूंची कामाची रीत. माप घेताना त्या नेहमी एकाच क्रमाने घेतात. खांदा, छाती, कंबर, सीट, उंची. मध्येच कुणी फोन केला, काही विचारलं की पुन्हा खांद्यापासून. शब्दही त्यांनी तसेच बसवले, ज्या क्रमाने वाटेत लागतील त्या क्रमाने. विमानातून उतरलं की मालेता, म्हणजे बॅग. मग सालीदा, बाहेरचा रस्ता. मग आउतोबूस, मग बोलेतो, म्हणजे तिकीट. मग गावाचं नाव. मग ओस्पिताल, मग एस्पोसो म्हणजे नवरा, आणि शेवटी कासा, घर. ओळीने विचारलं तर धडाधड. मध्येच "तिकीट?" असं विचारलं की काकू डोळे मिटून मालेतापासून सुरू व्हायच्या.

"काकू, तिथे कुणी क्रमाने विचारत नाही!"

"मग त्यांना थांबावं लागेल," त्या म्हणाल्या.

हे पालथ्या घड्यावर पाणी आहे असं मी ठरवलं, तरी शिकवणं सोडलं नाही. वर्ग सुटला की मी खाली दुकानात जायचो, काकू मशीन चालवायच्या आणि मी शब्द विचारायचो. एका संध्याकाळी त्या राखाडी रंगाची पँट शिवत होत्या. फिटरकाकांना परतीच्या प्रवासात घालायला.

"माप कुठून घेतलंत?"

"यांचं माप घ्यायचं काय? हातात आहे ते." मशीन थांबवून त्या आरशाकडे बघायला लागल्या. "दर सुट्टीत आले की पहिली नवी पँट. मी गळ्यातली टेप काढली की यांचे हात आपोआप वर, आणि एकच वाक्य. 'पोटाला ढिलं ठेव गं.' सगळी वर्षं तेवढंच. मी कधी ढिलं ठेवते, कधी नाही ठेवत." मग एकदम, "सर, ढिलं म्हणजे तिकडे काय म्हणतात?"

"तो शब्द प्रवासात लागत नाही. बोलेतो पाठ करा."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून व्हिडिओ कॉल आला. नर्सने फोन फिटरकाकांच्या तोंडासमोर धरला होता. मी दुकानाच्या दारात होतो, म्हणून मला दिसलं. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. काकू "अहो" म्हणाल्या. पुन्हा "अहो" म्हणाल्या. मग लेकीबद्दल सांगितलं, दिवस कसे भरत आलेत, ते सांगितलं. फिटरकाका भिंतीकडे बघत होते. नर्स फोनवर काहीतरी भराभरा बोलली, त्यातलं मला जेमतेम निम्मं कळलं, आणि जे कळलं ते मी काकूंना सांगितलं नाही. ती म्हणत होती की रोज असंच असतं.

त्या दिवशी काकू शब्द म्हणताना मालेतावरच अडकल्या.

त्या गेल्या त्या सकाळी मी टॅक्सीपर्यंत गेलो. बॅगेत राखाडी पँट, पांढरा शर्ट, सुई-दोरा, थोडा फराळ. गळ्यात टेप. मी शेवटची सूचना म्हणून बजावलं, "कुणी उत्तर दिलं आणि कळलं नाही तर मान हलवू नका. पुन्हा विचारा." प्रश्न विचारायला शिकवणं सोपं असतं, उत्तर समजायला शिकवता येत नाही, हे मी इतकी वर्षं शिकवून ओळखून आहे. टॅक्सी गेली आणि माझा जीव टांगणीला लागला. सहलीवाल्या जोडप्यावर मी त्या आठवड्यात जितका ओरडलो तितका कधी ओरडलो नसेन. लेकीला फोन यायचा, ती मला सांगायची: आई पोहोचली, आई हॉस्पिटलात आहे, बाबा अजून तसेच.

आठवडा संपला आणि टॅक्सी परत गल्लीत शिरली. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. आधी काकू उतरल्या. पलीकडचं दार उघडून त्या आत वाकल्या, आणि काठी, मग पाय, मग फिटरकाका बाहेर आले. लेक दारातच रडायला लागली. मी रडलो नाही, पण चष्मा काढून पुसला, आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याने ते पाहिलं. फिटरकाका स्टुलावर बसले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की काकूंच्या गळ्यात टेप नव्हती. वाटेत कुठे हरवली असेल, असं वाटलं. त्या वेळी मी विचारलं नाही.

चार दिवसांनी, दुकान पुन्हा सुरू झाल्यावर, काकूंनी सांगितलं. फिटरकाका स्टुलावर होते, एका हाताने चहाचा कप धरून.

बसस्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बाईने विचारलं, कुठे जायचंय. म्हणजे तसंच विचारलं असणार, काकूंना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. मालेता. बाईने बॅगेकडे पाहिलं. सालीदा. बाईने बाहेरच्या दाराकडे बोट दाखवलं. मागे रांग वाढत होती, कुणीतरी हसलं. आउतोबूस. बोलेतो. आणि मग गावाचं नाव. खिडकीतल्या बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तिकीट दिलं. "बघा," काकू मला म्हणाल्या, "थांबले की नाही?"

मी कबूल केलं की थांबले.

हॉस्पिटलात मात्र पाठ केलेलं काही चाललं नाही. पहिले दोन दिवस फिटरकाकांनी काकूंकडे पाहिलंही नाही. काकूंनी हाका मारल्या, पाय चेपले, लेकीचा फोटो दाखवला, जहाजाचा फोटो दाखवला. डॉक्टरीणबाई यायच्या, एका हाताने काकूंकडे खूण करून पेशंटला विचारायच्या, एया कोण आहे? फिटरकाका खिडकीकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई बराच वेळ काहीतरी बोलल्या. त्यातलं काकूंना एल कळलं, म्हणजे तो, आणि कासा कळलं, म्हणजे घर, आणि मध्ये "नो" होतं.

"तेवढं पुरलं मला," काकू म्हणाल्या. "बाहेर बाकावर बसून मी रडून घेतलं. मग आत आले. म्हटलं, इथे ठेवायचं तर ठेवोत, पण हॉस्पिटलच्या झग्यात कशाला? एवढी पँट शिवून आणलीय, घालून तरी बघू."

नर्सने आणि काकूंनी मिळून त्यांना पँट चढवली. फिटरकाकांना धरून उभं केलं, आणि पँट सरळ घोट्यापर्यंत खाली. हातातलं माप आजारापूर्वीच्या माणसाचं होतं. नर्सला हसू आवरेना.

"सर, मला त्या वेळी कशाची लाज वाटली सांगू? शिवणाची. एवढी वर्षं लोकांचे कपडे बसवते आणि घरच्या माणसाला पँट बसत नाही. खोटं कशाला बोलू, यांना ओळख पटावी म्हणून मी काहीएक केलं नाही. पँट वर ओढली, नर्सला धरायला लावली आणि कंबर किती आत घ्यायची ते बघायला गळ्यातली टेप काढली. बस."

मशीनवरची कापडाची चिंधी उचलून त्यांनी तिची घडी घातली, मग उलगडली.

"यांचा हात वर गेला. उजवा हलत नाही. डावा गेला, असा, पूर्ण वर. माप द्यायला उभे राहतात तसा. मी तशीच टेप धरून उभी. मग तोंड वाकडं झालं, ओठ थरथरले, आणि म्हणाले, 'ढिलं ठेव गं.'"

नर्स धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. एल काय बोलला? एल काय बोलला? सगळे काकूंना विचारायला लागले. काकूंना ढिलं या शब्दाला तिकडे काय म्हणतात ते माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून मालेतापासून सुरुवात केली, पार शेवटपर्यंत गेल्या, तो शब्द त्यात नव्हता. तेव्हा त्यांनी टेपेचं टोक आपल्या छातीला लावलं. यो. मग नवऱ्याच्या छातीला. आणि त्यांनाही, सगळ्यांसमोर, त्या तू म्हणाल्या. मग दोघांभोवती टेप फिरवली. "नोसोत्रोस," म्हणाल्या. "नोसोत्रोस कासा." फिटरकाकांनी टेपेचं टोक डाव्या मुठीत धरलं. डॉक्टरीणबाईंनी ते सोडवायचा प्रयत्न करून पाहिला, हसत, पण खरंच जोर लावून. फिटरकाकांनी सोडलं नाही. त्याच संध्याकाळी कागदावर सही झाली.

"आणि टेप पुरली, सर," काकू म्हणाल्या. "दोघांना मिळून पुरली. एवढे वाळलेत हे."

त्या वाक्यात क्रियापद नव्हतं, नोसोत्रोस कासा असं कुणी म्हणत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी चहा प्यायलो. स्टुलावरचे फिटरकाका माझ्याकडे बघून मान हलवत होते, त्यांना किती कळत होतं कुणास ठाऊक. बोलतात अजून थोडंच. पाणी, नको, आणि काकू नव्या टेपेने कुणा गिऱ्हाइकाची कंबर मोजायला लागल्या की तेच 'ढिलं ठेव गं', गिऱ्हाइकाच्या वतीने.

मग मला आठवलं. "ती टेप शेवटी हरवली कुठे?"

"हरवतेय कशाला?" काकूंनी वाकून फिटरकाकांच्या शर्टाचा काठ वर केला. तीच राखाडी पँट, घडीवर घड्या पडलेली, आणि कमरेला पिवळी टेप गुंडाळून पुढे गाठ मारलेली. तीन विमानतळ ते असेच पार करून आले होते.

"अहो काकू, सुई-दोरा बॅगेत होता. कंबर आत घ्यायला तुम्हाला कितीसा वेळ लागतो? अजून तशीच ठेवलीत?"

काकूंनी शर्ट खाली केला, नीट ओढून सारखा केला.

"ढिलं ठेव म्हणाले ना," त्या म्हणाल्या. "एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं माणसाने, आणि मी घट्ट करू?"